उंटराखची घरं, पलीकडच्या काठावरून

व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेअर संग्रहालयात फ्रित्झा रीडलरच्या व्यक्तिचित्रासमोर ताई बराच वेळ उभी होती. गुस्टाव क्लिम्टचं हे १९०६ सालचं काम. बाईंचा चेहरा आणि हात हाडामांसाचे, पण ज्या खुर्चीत त्या बसल्यात ती म्हणजे डोळ्यांसारख्या आकारांची सपाट नक्षी. "बायकांची चित्रं काढणारा हा माणूस सुट्टीत गाव रंगवायला बसला, तर कसं रंगवेल गं?" ताईनं विचारलं. क्लिम्ट सुट्टीत जायचा त्या आटरझे तळ्याला जायचं तिथेच ठरलं.

आगगाडीनं काम्मर-शोर्फ्लिंग, पुढे तळ्याच्या पूर्व काठानं बस. संपूर्णपणे ऑस्ट्रियाच्या हद्दीतलं हे सर्वांत मोठं तळं, सुमारे ४६ चौरस किलोमीटर. वाटेत श्टाइनबाख लागतं. गुस्टाव माहलर संगीतरचना करायला जिथे बसायचा ती इवलीशी झोपडी तिथे अजून आहे. आम्हाला मात्र दक्षिण टोकाचं वायसेनबाख गाठायचं होतं.

क्लिम्ट १९०० ते १९१६ या काळात जवळजवळ दर उन्हाळ्यात आपली मैत्रीण एमिली फ्लोगे हिच्या कुटुंबासोबत आटरझेवर यायचा. व्हिएन्नात श्रीमंत घरांतल्या बायकांची चित्रं मागणीनुसार व्हायची. इथली निसर्गचित्रं त्यानं स्वतःच्या ओढीनं केली. शेवटची काही वर्षं तो वायसेनबाखच्या वनरक्षकाच्या घरात उतरायचा आणि पाण्यापलीकडचं उंटराख गाव दुर्बिणीतून न्याहाळायचा. १९१६ च्या सुमाराचं 'उंटराखची घरं' हे चित्र तसंच झालं.

त्याची छापील प्रत आम्ही बरोबर नेली होती. चित्र चौरस, बाजू ११० सेंटिमीटर. घरांना घरं चिकटलेली, खिडक्याच खिडक्या, फटींमधून झाडोरा. माणूस एकही नाही, आणि आकाशही नाही. आल्प्सच्या पायथ्याचं गाव रंगवायचं आणि आकाश सोडून द्यायचं, हे मला घरी बसून कधीच पटलं नव्हतं.

काठावर उभं राहिल्यावर तर आणखीच पटेना. समोर सगळं पाणी, डावीकडे शाफबेर्गचा कडा, वर ढग, आणि गाव म्हणजे डोंगराच्या पायाशी ओढलेली एक फिकट रेघ. क्लिम्टनं १९०३ च्या एका पत्रात आपल्या 'शोधका'बद्दल लिहिलंय: पुठ्ठ्याला भोक पाडायचं आणि त्यातून चित्राचा विषय शोधायचा. ताईनं बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, चौकोनी भोक पाडलं. त्यानं आकाश गेलं, पण गाव लहानच राहिलं. मग मी दुर्बीण लावली.

आणि एकदम घरं पुढे आली. मागचं घर पुढच्याच्या खांद्यावर बसल्यासारखं, मधलं अंतर नाहीसं, छप्पर आणि भिंत एकाच पातळीत. दृश्याची खोली पुसली गेली होती, अगदी फ्रित्झाबाईंच्या खुर्चीसारखी. "अगं, हा तर कुटुंबाचा ग्रुप फोटो आहे!" ताई म्हणाली. मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटतं. समोर बसलेल्या माणसाकडे पाहायची जी सवय त्याच्या नजरेला होती, तीच त्यानं गावाला लावली. पाठीमागचा पसारा नको, फक्त समोरचे चेहरे. प्रत्येक खिडकी वेगळी रंगवलीय, ते उगाच नाही.

मूळ चित्र मात्र आम्हाला बघायला मिळालं नाही. ते आडेल ब्लॉख-बाउअरच्या घरचं. क्लिम्टनं तिची दोन व्यक्तिचित्रं केली होती. १९३८ नंतर नाझींनी या ज्यू कुटुंबाची मालमत्ता बळकावली, आणि चित्रं वारसांकडे परत जायला २००६ साल उजाडलं. आडेलच्या दोन चित्रांबरोबर परत गेलेल्या तीन निसर्गचित्रांत उंटराखची घरं होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लिलावात हे चित्र ३ कोटी १४ लाख डॉलरला विकलं गेलं. किमतीपेक्षा मला हे मोठं वाटतं की माणसं आणि गाव एकाच घरातून लुटली गेली आणि एकत्रच सुटली.

दुपारच्या बसनं उंटराखला गेलो. गल्ल्या मोकळ्या, घराघरात अंगणाएवढं अंतर, गॅलऱ्यांमध्ये लाल जिरेनियम. प्रत हातात धरून तासभर फिरलो, पण एकही घर ओळखता आलं नाही. शेवटी धक्क्यावर बसलो. ताईनं पुठ्ठा उचलला आणि आम्ही सकाळी उभ्या होतो तो काठ त्यात शोधू लागली.