छोट्या बेटांच्या ऑर्डरला नाही म्हणू नका

एक्स्पोर्ट म्हटलं की आपल्याकडे समोरचा माणूस पहिल्यांदा दुबई म्हणतो, मग युरोप, आणि फारच हौशी असेल तर अमेरिका. मालदीवचं नाव काढलं तर हनिमून आठवतो, धंदा कुणाला आठवत नाही. मी वाशीत भाजीपाला आणि किराणा मालाच्या एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम करतो, त्यामुळे कुठल्या देशात काय जातं हे रोज डोळ्यासमोरून जात असतं, आणि नाशिक, सोलापूर, जळगावकडच्या छोट्या कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या या बेटांकडे साधं वळूनही बघत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. "पाच लाखाचा देश, तिथे विकणार काय?" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

पाच लाख हा आकडा बरोबर आहे. २०२२ च्या जनगणनेत मालदीवची लोकसंख्या, तिथे कामाला असलेले परदेशी लोक धरून, ५ लाख १५ हजारच्या आसपास निघाली. पण २०२४ मध्ये तिथे २० लाखांहून जास्त पर्यटक आले आणि प्रत्येक जण सरासरी सात-आठ दिवस राहतो, म्हणजे गणित मांडलं तर कुठल्याही रात्री तिथे साधारण ४० हजार पाहुणे मुक्कामाला असतात. ते सकाळी बुफे खातात, दुपारी खातात, रात्री खातात, दिवसातून दोनदा टॉवेल बदलतात. आणि त्या बेटांवर माती नाहीच म्हटलं तरी चालेल, सगळी प्रवाळाची वाळू, नदी नाही, शेती नावापुरती. मासे आणि नारळ सोडले तर ताटातलं जवळजवळ सगळं बाहेरून येतं. तांदूळ, पीठ, साखर, अंडी, बटाटा, कांदा, इतकंच काय, घर बांधायला लागणारी खडी आणि नदीची वाळूसुद्धा.

आता कोट्याबद्दल सांगतो, कारण हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये. भारत आणि मालदीवमध्ये १९८१ चा व्यापार करार आहे आणि त्याखाली दरवर्षी जीवनावश्यक मालाचा कोटा ठरतो, म्हणजे आपल्याकडे त्या मालाच्या निर्यातीवर बंदी असली तरी मालदीवला ठरलेल्या मर्यादेपर्यंत माल जाऊ शकतो. २०२४-२५ चे आकडे बघा. कांदा ३५,७४९ टन, बटाटा २१,५१३ टन, तांदूळ १ लाख २४ हजार टन, गव्हाचं पीठ १ लाख ९ हजार टन, साखर ६४ हजार टनांच्या वर, अंडी ४२ कोटी ७५ लाख नग, वाळू १० लाख टन आणि खडी १० लाख टन. करार झाल्यापासूनचे हे सगळ्यात मोठे आकडे होते. कोटा म्हणजे कमाल मर्यादा, तेवढा सगळा माल उचलला जातोच असं नाही, हे लक्षात ठेवा. तरीपण सीझनला एकट्या लासलगावात दिवसाला हजार-दीड हजार टन कांदा सहज येतो, तर हा कोटा म्हणजे लासलगावची जवळपास महिन्याची आवक झाली. पाच लाखाच्या देशासाठी!

आणि तो काळ आठवा. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांदा निर्यात बंद केली, नाशिकमध्ये लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. जानेवारीत मालदीवच्या काही उपमंत्र्यांच्या कमेंट्सवरून सोशल मीडियावर बॉयकॉटचं वादळ उठलं, लोकांनी बुकिंग रद्द केलेले स्क्रीनशॉट टाकले. २०२३ मध्ये दोन लाखांहून जास्त भारतीय तिथे गेले होते आणि आपण पहिल्या नंबरला होतो, २०२४ मध्ये हा आकडा १.३ लाखांच्या आसपास आला. एवढं सगळं चालू असताना एप्रिल २०२४ मध्ये डीजीएफटीने, म्हणजे आपल्या परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्याने, वर सांगितलेला कोटा जाहीर केला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. कारण बांगलादेशाच्या बाबतीत आपण २०१९ मध्ये आणि परत २०२० मध्ये कांदा अचानक बंद केला, तिकडे निघालेले ट्रक बॉर्डरवर अडकले, आणि त्यांनी मग पाकिस्तान, चीन, म्यानमार असं जिथून मिळेल तिथून घ्यायला सुरुवात केली, त्यातलं काही गिऱ्हाईक कायमचं गेलं. गिऱ्हाईक जातं ते भावामुळे कमी आणि खात्री नसल्यामुळे जास्त जातं, निदान मी तरी हेच बघत आलोय. आणि बेटावरच्या गिऱ्हाइकाला तर खात्रीशिवाय दुसरं काही नकोच असतं, कारण बोट चुकली की शेजारच्या गावातून माल आणू असं तिथे करता येत नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी मालेतल्या पाणी गोडं करणाऱ्या प्लांटला आग लागली आणि लाखभराहून जास्त वस्तीच्या शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं, ऑपरेशन नीर म्हणून. तेव्हा एका प्लांटवर अख्खी राजधानी अवलंबून होती, एवढी ती व्यवस्था नाजूक. म्हणून पंप, व्हॉल्व्ह, फिल्टर, मोटर वाइंडिंग, जनरेटरचे स्पेअर हे सगळं तिथे सतत लागतं, खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही त्यामुळे जरा जास्तच लागतं. कोल्हापूर-इचलकरंजीच्या फाउंड्रीवाल्यांनी आणि पुण्याच्या पंपवाल्यांनी याचा विचार करायला हरकत नाही. मालेला शेजारच्या बेटांशी जोडणारा थिलामाले पूल, ६.७४ किलोमीटरचा, तो आपल्या अंधेरीच्या अ‍ॅफकॉन्सने बांधायला घेतलाय. म्हणजे मोठ्या कंपन्या तिथे पोचल्यात, छोट्या कंपन्या अजून विचारच करतायत.

माल जातो कसा ते सांगतो. कांदा-बटाटा-किराणा समुद्राने, पालेभाजी आणि नाजूक फळं विमानाने. मालेचं बंदर लहान आहे, मदर व्हेसल म्हणजे मोठं कंटेनर जहाज तिथे लागत नाही, त्यामुळे न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर बहुतेक वेळा कोलंबोला उतरून फीडरवर, म्हणजे छोट्या जहाजावर, चढतो. तुतिकोरिन जवळ पडतं म्हणून तमिळनाडूच्या व्यापाऱ्यांनी हे मार्केट वर्षानुवर्षं धरून ठेवलंय, नामक्कलची अंडी तिथूनच जातात. कोट्याचा माल सरकारने ठरवून दिलेल्या पोर्टवरूनच काढावा लागतो आणि त्या यादीत न्हावा शेवा आहे, तेव्हा अंतराचं कारण पुढे करू नका.

आणि कंटेनर मालेला पोचला म्हणजे काम झालं असं समजू नका. मालेच्या उत्तरेकडच्या धक्क्यावर, जिथे भाजी मार्केट आहे, तिथे धोण्या लागलेल्या असतात, धोणी म्हणजे त्यांची लाकडी बोट, आता फायबरच्याही असतात. एकेका बेटाची धोणी ठरलेली. डेकवर कांद्याच्या जाळीच्या गोण्या, त्यावर तांदळाची पोती, बाजूला अंड्यांचे ट्रे, एक फ्रिज, दोन मोटारसायकली, मध्येच कुणाचा तरी गादीचा गठ्ठा, आणि प्रत्येक डागावर मार्करने बेटाचं आणि दुकानाचं नाव लिहिलेलं. पावसाळ्यात समुद्र खवळला की ती धोणी दोन-तीन दिवस धक्क्यालाच बांधलेली, आणि ऊन-पाऊस खात माल तिच्यावर पडून. आता सांगा, नाशिकचा पोळ कांदा, ताजा, पाणी धरलेला, तो या प्रवासात टिकेल? तिथे चाळीतला उन्हाळ कांदाच लागतो, नीट सुकलेला, गोल्टी म्हणजे बारीक कांदा आणि जोडकांदा बाजूला काढलेला, आणि कंटेनरचे व्हेंट उघडे ठेवावे लागतात नाहीतर आत घाम धरतो आणि वरच्या थरातल्या गोण्यांना कोंब येतात. हे ज्ञान आपल्याइतकं कुणाकडे आहे हो? आपल्याच भागातल्या शेतकऱ्याकडे आहे, फक्त तो ते दुबईच्या व्यापाऱ्याला फुकट देतो.

ऑर्डर मात्र वेगळ्या प्रकारची येते आणि इथेच आपले लोक कंटाळतात. दुबईचा माणूस एका फोनवर पाच कंटेनर कांदा सांगतो. मालदीवच्या रिसॉर्ट सप्लायरची शीट उघडली की चाळीस-पन्नास ओळी असतात. हिरवी मिरची ३० किलो, कढीपत्ता ३ किलो, आलं ५० किलो, बासमतीची २० पोती, तूर डाळ ५ पोती, डाळिंब १५ पेट्या, पापड दोन कार्टन, शिवाय तळाला लिहिलेलं की मिरची देठासकट हवी आणि पेटीवर पॅकिंगची तारीख हवी. रिसॉर्टमध्ये स्टाफ कँटीन असतं आणि तिथे भारत, बांगलादेश, श्रीलंकेचेच लोक जास्त, त्यामुळे डाळ-भात-मसाला रोज लागतो, फक्त पाहुण्यांच्या बुफेवर जाऊ नका. अशी मिक्स ऑर्डर भरायला डोकं लागतं, प्रत्येक आयटमचा एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठीचा वस्तूचा नंबर, वेगळा, ताज्या मालाला कीड-रोग नसल्याचं फायटो सर्टिफिकेट, मांसाला हलाल सर्टिफिकेट, पॅकिंग लिस्ट चार पानी. पण याच कटकटीमुळे तिथे मोठे खेळाडू उतरत नाहीत आणि मार्जिन शिल्लक राहतं. चार छोट्या कंपन्यांनी एकत्र येऊन एक कंटेनर भरला तर कुणा एकावर बोजा पडत नाही.

एक काळजी आवर्जून घ्या. मालदीव हा मुस्लिम देश आहे, तिथे पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत, डुकराचं मांस आणि दारू फक्त परवाना असलेल्या आयातदारालाच रिसॉर्टसाठी आणता येते. आपल्याकडे निम्म्या ब्रँडच्या पुड्यावर गणपती नाहीतर लक्ष्मी असते. मसाल्याच्या पाकिटावर देवाचं चित्र असेल तर एक्स्पोर्टचं पॅकिंग साधं, वेगळं करा, कस्टममध्ये वाद नको आणि तिथल्या लोकांच्या भावनांचाही मान राहतो. प्लास्टिकचंही तसंच, स्ट्रॉ, पातळ पिशव्या असल्या एकदा वापरून फेकायच्या बऱ्याच वस्तूंची आयात त्यांनी २०२१ पासून बंद केलीये. आपल्याकडे उसाच्या चिपाडापासून प्लेट-वाट्या करणारे कारखाने आहेत, त्यांनी नमुने पाठवायलाच हवेत.

पैशाचं बोलू. मालदीवमध्ये डॉलरची टंचाई आहे. तिथला किराणा दुकानदार रुफियात, म्हणजे तिथल्या चलनात, कमावतो आणि डॉलरसाठी बँकेत थांबतो, तर रिसॉर्टची कमाईच डॉलरमध्ये असते, त्यामुळे गिऱ्हाईक कुठल्या प्रकारचं आहे यावर तुमचं पेमेंट कधी येणार ते ठरतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांना ४० कोटी डॉलर आणि ३ हजार कोटी रुपयांच्या करन्सी स्वॅपची, म्हणजे चलन अदलाबदलीची, सोय दिली, नोव्हेंबरात रुपया-रुफियात व्यवहार करण्याचा करारही झाला, त्यामुळे रुपयात बिल लावण्याबद्दल आपल्या बँकेत जरूर विचारा. पहिल्या काही शिपमेंटला एलसी (पेमेंटची बँकेची हमी) किंवा निम्मा अ‍ॅडव्हान्स, आणि उधारी द्यायचीच असेल तर ईसीजीसी या निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचं कव्हर घेऊनच द्या. ओळखीचा माणूस आहे म्हणून कव्हर सोडू नका, माणूस चांगला असला तरी त्याच्या बँकेत डॉलर नसतात.

स्पर्धाही वाढतेय. चीनचा मालदीवबरोबरचा मुक्त व्यापार करार १ जानेवारी २०२५ पासून लागू झालाय, आणि भारताबरोबरच्या तशाच कराराची बोलणी २०२५ मध्ये सुरू झाली. टॉवेल-चादरींच्या बाबतीत तर मला घाई करावीशी वाटते, सोलापूरचा टेरी टॉवेल मालदीवच्या रिसॉर्टमध्ये दिसायला हवा, तो तिथे लागतोच लागतो आणि खाऱ्या पाण्यात-उन्हात लवकर विरतो म्हणून पुन्हा पुन्हा लागतो.

मॉरिशसचं गणित वेगळं आहे, त्यावर थोडंच लिहितो. साडेबारा लाखाच्या आसपास वस्ती, पर्यटक आहेत पण स्थानिक सुपरमार्केटमधली विक्रीही चांगली, आणि १ एप्रिल २०२१ पासून भारताबरोबरचा सीईसीपीए हा व्यापार करार लागू आहे ज्यात आपल्या ३१० वस्तूंना सवलत मिळते. तिथे गिरमिटिया म्हणजे करारावरचे मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. तिथे ब्रँड करून, छान पॅक करून विकायचा माल चालतो, कच्च्या कांद्याच्या गोण्यांपेक्षा मसाले, लोणची, फराळाचे पदार्थ यांचा विचार करा.

ज्यांना खरंच सुरुवात करायचीये त्यांना माझा सल्ला द्राक्षांपासून करा असा आहे. मालदीवचा मोठा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल आणि नाशिकची द्राक्षं जानेवारी ते एप्रिल, इतका चांगला मेळ दुसऱ्या मालाचा बसत नाही. युरोपला पाठवताना बागेची नोंदणी, रेसिड्यू टेस्टिंग म्हणजे फवारणीच्या औषधांच्या अंशाची तपासणी, कोल्ड चेन हे सगळं आपले बागायतदार आधीच करतात, त्यामुळे क्वालिटीचा प्रश्न नाही. विमानाने शंभर-दोनशे पेट्यांचं छोटं कन्साइनमेंट करून बघा, पाव किलोच्या पनेट म्हणजे छोट्या डब्या भरा कारण मोठी पेटी फोडून बेटाबेटांवर वाटायला त्यांना त्रास होतो. आणि बोलणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच करा, फोटो, रेट आणि नमुन्यासकट, कारण नोव्हेंबर लागला की तिथल्या पर्चेस मॅनेजरला नवीन माणसाचा मेल उघडायलाही फुरसत नसते.