गुडघ्यांना झेपणारं एव्हियाँ

स्वित्झर्लंडमधल्या लोझानला मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला येणारे आपल्याकडचे बहुतेक आईबाबा युंगफ्राऊ करतात, टिटलिस करतात, झालंच तर मोंत्रोजवळचा शियों किल्ला पाहतात आणि परततात. लेमान तळ्याच्या (आपण जिनिव्हा सरोवर म्हणतो ते) पलीकडच्या काठावर फ्रान्स रोज दिसत असतो, पण तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. आमचं दोघांचं वय आणि ह्यांचा डावा गुडघा धरून हिशोब केला, तर या मुक्कामात सगळ्यात मानवलेली सहल ती पलीकडचीच, एव्हियाँ-ले-बाँची. हो, पाण्याच्या बाटलीवरचं एव्हियाँ तेच.

हे गाव शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वाढलं ते हवापालटासाठी येणाऱ्या सुखवस्तू मंडळींवर. पाणी प्यायचं, डुंबायचं, काठाने फेरी मारायची, संध्याकाळी गाणं ऐकायचं, एवढाच त्यांचा दिनक्रम. त्यामुळे सगळं गाव दमलेल्या माणसाच्या सोयीनं बांधलंय. सपाट रस्ता, दर थोड्या पावलांवर बाक, आणि चढ आलाच तर त्याला गाडी. ‘पाहण्यासारखी दहा ठिकाणं’ असली यादी घेऊन जाणार असाल तर दुपारपर्यंत कंटाळाल.

जायचं कसं, ते आधी. लोझान स्टेशनच्या समोरून एम-२ मेट्रो थेट खाली, तळ्याकाठच्या उशी (Ouchy) नावाच्या भागात उतरते. लोझान हे गाव म्हणजे नुसता उतार, तेव्हा ‘चालत जाऊ, जवळच आहे’ असं मुलं म्हणाली तरी ऐकू नका. शेवटच्या थांब्यावर उतरलं की दोन मिनिटांत धक्का. तिथून सीजीएन कंपनीच्या बोटी सुटतात आणि साधारण पस्तीस मिनिटांत एव्हियाँला पोचवतात. तिकीट स्वस्त नाही. हाफ-फेअर कार्ड, म्हणजे अर्ध्या तिकिटाचं स्विस सवलत कार्ड, काढलेलं असेल तर खिडकीवर आधी तेच पुढे करा. ही पर्यटकांची बोट असली तरी रोजची लोकलही आहे. फ्रान्समध्ये राहून लोझानला नोकरी करणारे हजारो लोक हिच्यानंच ये-जा करतात, त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला गर्दी असते. आम्ही नऊनंतरची धरली, निवांत बसायला मिळालं.

शेंगेन व्हिसावर स्वित्झर्लंडमध्ये असाल तर फ्रान्ससाठी वेगळं काही लागत नाही. पण मूळ पासपोर्ट जवळ ठेवाच, कारण धक्क्यावर कधीमधी तपासणी होते. पलीकडे युरो चालतो, थोडे सुटे हाताशी असावेत. स्विस सिमकार्ड असेल तर फ्रान्समधल्या डेटाचे पैसे वेगळे लागतात का, ते मुलांकडून आधीच बघून घ्या. काठाजवळ फोन कधी एक देश पकडतो, कधी दुसरा.

जाताना बोटीच्या पुढच्या बाजूला बसा. एव्हियाँच्या डोक्यावर दाँ दोशचा २,२२१ मीटरचा सुळका हळूहळू मोठा होत जातो. तळं ५८० चौरस किलोमीटरचं आहे आणि सगळ्यात खोल जागी ३०० मीटरहून जास्त खोल, त्यामुळे मध्यावर पाण्याचा रंग चांगलाच गडद होतो. ईशान्येकडून ‘बीझ’ नावाचा बोचरा वारा सुटला तर जूनमध्येही स्वेटर लागतो. मी शालही घेतली होती. ह्यांनी ‘कशाला गं ओझं’ म्हटलं आणि अर्ध्या वाटेत तीच शाल स्वतः पांघरून बसले.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या समोर घुमटाचं पांढरं पाले ल्युमिएर दिसतं. १९०२ सालचं हे स्नानगृह आता प्रदर्शनांसाठी वापरतात. त्याच्या शेजारचा व्हिला ल्युमिएर मात्र आत जाऊन बघा. चलच्चित्र जगाला दाखवणाऱ्या ल्युमिएर बंधूंच्या वडिलांचा, आंत्वान ल्युमिएर यांचा हा उन्हाळी बंगला. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ज्यांची हलती चित्रं दाखवली गेली आणि ती पाहून आपल्या छायाचित्रकार सावेदादांनी थेट विलायतेहून कॅमेरा मागवला, तेच हे ल्युमिएर. दाराशी खांद्यावर भार पेलणारे दोन दगडी पुरुष आहेत, आत लाकडी कोरीव जिना. आता तिथे नगरपालिका भरते. माणसं दाखले न्यायला येतात आणि त्याच जिन्यापाशी रांगेत उभी राहतात. कचेरी असल्यामुळे कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेतच जावं लागतं. मंगळवारी नाहीतर शुक्रवारी गेलात तर सकाळचा बाजारही भरलेला असतो, म्हणजे एका फेरीत दोन्ही होतं.

मग पाणी. १७८९ मध्ये मुतखड्यानं हैराण झालेले एक मार्की (म्हणजे सरदार), द लेसेर, इथल्या काशा नावाच्या गृहस्थांच्या आवारातल्या झऱ्याचं पाणी पीत राहिले आणि त्यांना बरं वाटलं. त्यावरून बोलबाला झाला आणि झऱ्याला काशाचंच नाव पडलं. पर्वतावर पडणारं पाऊस-बर्फाचं पाणी हिमनद्यांनी रचलेल्या वाळूच्या थरांतून झिरपत खाली यायला किमान १५ वर्षं घेतं. मुतखडा खरोखर त्यानंच गेला का, हे मार्कीच जाणोत. आमच्या डॉक्टरांनी पाणी भरपूर प्या एवढंच सांगितलंय, कुठलं ते नाही.

मुख्य बाजाररस्त्यावर जुनं ब्युव्हेट काशा आहे, १९०५ च्या सुमाराचं, लाकूड आणि रंगीत काचांचं देखणं पाणीघर. त्याच्या मागे, थोडं वर, झऱ्याचा उघडा नळ. इथे तेच पाणी चोवीस तास फुकट वाहतं. आमच्या पुढे एक आजोबा होते. हातगाडीवर रिकाम्या बाटल्यांची चळत, एकेक बाटली विसळायची, गळ्यापर्यंत भरायची, झाकण लावून उलटी करून बघायची, मग खाली ठेवायची. कसलीही घाई नाही. आमच्या हातातली एकच स्टीलची बाटली पाहून ते बाजूला झाले आणि खुणेनं ‘आधी तुम्ही’ म्हणाले. पाणी बाराही महिने ११.६ अंशाचं, म्हणजे आपल्याकडच्या फ्रीजमधल्याइतकं नाही, पण दात जाणवून देण्याइतकं गार. चव? ह्यांचं मत, ‘पाण्यासारखी.’ रिकामी बाटली नक्की न्या, दिवसभराचं पाणी सुटतं.

झऱ्याजवळच फ्युनिक्युलर थांबते आणि ती अजिबात चुकवू नका. वणीच्या गडावर दोरानं ओढली जाणारी गाडी आहे ना, तीच जात, फक्त म्हातारी आणि लाकडी. १९०७ मध्ये सुरू झाली, १९१३ पर्यंत वर न्यूव्हसेलपर्यंत वाढवली. बोटीनं आलेल्या पाहुण्यांना झऱ्यावरून रोयाल आणि स्प्लांदीद या डोंगरातल्या हॉटेलांपर्यंत न्यायचं, एवढंच तिचं काम. १९६९ ला बंद पडली. गावानं ती मोडीत न काढता २००२ मध्ये पुन्हा चालू केली. तिकीट नाही, चक्क फुकट. पायऱ्यांसारखे चढत जाणारे डबे, वार्निश केलेली बाकं, मध्यावर वरून येणारी गाडी बाजूनं सरकत जाते तेव्हा दोन्हीकडचे लोक एकमेकांना हात करतात. वर उतरून फार काही करायचं नाही, झाडांमधून तळं बघायचं आणि पुढच्या गाडीनं खाली. ती उन्हाळ्यातच चालते, तेव्हा सहल जून ते सप्टेंबरमध्ये बसवा.

याच वरच्या अंगाला १९०९ चं रोयाल हॉटेल आहे. १९३८ मध्ये ज्यू निर्वासितांना कोण घेणार, हे ठरवायला देशोदेशीचे प्रतिनिधी तिथे जमले आणि जवळजवळ सगळ्यांनी सहानुभूती दाखवून हात वर केले. अल्जीरियाच्या स्वातंत्र्याचा करार १८ मार्च १९६२ ला झाला तोही याच गावात. खाली गुलाबांच्या वाफ्यांपाशी बसल्यावर हे आठवतं आणि जरा विचित्र वाटतं.

जेवणाचं गणित पक्कं ठेवा. फ्रान्समध्ये दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर खुर्ची मिळेल, जेवण नाही. आत शिरताना ‘बोन्जूर’ म्हणायचं, त्यावाचून पुढचं संभाषण गोड होत नाही. मी मासे खाते, हे शाकाहारी. मी फेरा घेतला, हा याच तळ्यातला मासा, लोणी आणि लिंबाचा रस, बस्स. सुरमईच्या तिखल्याची सवय असलेल्या जिभेला सुरुवातीला बिचारा वाटतो, पण ताजेपणा कळतो. पर्श नावाच्या माशाचे तळलेले तुकडे इथे फार चालतात, पण मागणी एवढी की बरेचसे बाहेरून आणतात. तळ्यातलेच हवे असतील तर ‘द्यू लाक?’ विचारा. ह्यांच्यासाठी बेर्तू मागवलं, म्हणजे आबाँदांस चीज वाटीत वितळवून वर खरपूस केलेलं, सोबत उकडलेले बटाटे. त्यात वाइन असते आणि सोबत बऱ्याचदा हॅम येतं. दोन्हीचं वावडं असेल तर आधी सांगा, नाहीतर ऑम्लेट किंवा सॅलड. पाणी मागताना ‘कॅराफ दो’ म्हटलं की जगभर विकलं जाणारं पाणी ज्या गावचं, तिथे नळाचं फुकट मिळतं. लोझानहून आल्यावर बिल बरंच हलकं वाटतं.

जेवणानंतर सौरऊर्जेवरच्या बोटीनं प्रे क्युरियोच्या पाणबागेत जाता येतं. तीत वाटाड्याबरोबर फिरावं लागतं, म्हणजे बराच वेळ उभं राहणं आलं. आम्ही ते सोडलं आणि काठावरच्या बाकावर तासभर काढला. ह्यांनी डुलकी घेतली. मी फुलांच्या वाफ्यांना पाणी घालणाऱ्या मुलीला बघत बसले. ती प्रत्येक वाळलेलं फूल चिमटीनं खुडून पिशवीत टाकत होती, एकही खाली पडू देत नव्हती.

परतीची बोट ऑफिस सुटायच्या आधीची, चारच्या आसपासची घ्या, आणि या वेळी उजव्या हाताला बसा. लोझानजवळच्या लाव्होचे पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे दुपारच्या उन्हात स्पष्ट दिसतात. शेवटच्या बोटीच्या वेळेसाठी उतरल्या उतरल्या धक्क्यावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा, कारण शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. उशीला मेट्रोत चढताना लिफ्ट विचारायला संकोच करू नका. आणि दुपारच्या गोळ्या पर्समध्ये घ्या, लोझानच्या फ्रीजवर ठेवून येऊ नका.