रविवारची शांतता आणि भीमसेनजींची तान

जर्मनीतल्या कोलोनमधील आमच्या घराच्या दाराखालून एका रविवारी दुपारी एक चिठ्ठी आत सरकली. अक्षर वळणदार होते, भाषा कमालीची सभ्य होती आणि मजकूर एवढाच होता की आपले संगीत सुंदर असेलही, परंतु ते कृपया आपल्याच खोलीत राहू द्यावे. त्या वेळी श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेली, पंडित भीमसेन जोशी यांची ‘अभंगवाणी’ चालू होती आणि आवाज सांगलीच्या हिशेबाने निम्मासुद्धा नव्हता. चिठ्ठी खालच्या मजल्यावरच्या आजोबांची होती. जिन्यात भेटले की ते टोपी काढून अभिवादन करतात, त्यामुळे भांडणाचीही सोय उरली नाही.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, हे इथे आल्या आल्या समजते आणि पटतेही. रविवार आणि सणाची सुटी मात्र अख्खा दिवस शांततेची असते. त्या दिवशी भिंतीला ड्रिल लावायचे नाही, गवत कापायचे यंत्र बाहेर काढायचे नाही, रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्या फुटल्याचा आवाज होतो. रविवारच्या विश्रांतीला 1919 च्या वायमार राज्यघटनेने संरक्षण दिले आणि 1949 च्या राज्यघटनेने ते कलम तसेच पुढे चालू ठेवले. म्हणजे आजोबांच्या पाठीशी थेट राज्यघटना आहे आणि माझ्या पाठीशी फक्त तुकोबा. गाणे लावण्यावर बंदी नाही, हे मान्य. अट इतकीच आहे की ते भिंतीपलीकडे जाता कामा नये. मला नेमकी हीच अट झोंबली, कारण माझ्या आवडीच्या एकाही अल्बमची आठवण भिंतीच्या आत घडलेली नाही.

सांगलीच्या गावभागात आमच्या वाड्यातला टू-इन-वन खिडकीत ठेवलेला असे. कॅसेट बाबा विकत आणत, पण ती ऐकत सगळा वाडा. एक बाजू संपून खटका पडला की दोन मिनिटांत पलीकडच्या स्वयंपाकघरातून काकूंची हाक येई, “अहो, संपली वाटतं, बाजू उलटा की!” शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त 1974 मध्ये निघालेला ‘शिवकल्याण राजा’ मी असाच ऐकला. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, लताबाईंचा आवाज आणि मधूनमधून बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन, हे सगळे आम्हां मुलांना पाठ होते. निवेदनाची नक्कल करण्यात माझा धाकटा भाऊ इतका पटाईत होता की पाहुण्यांसमोर त्याला उभे केले जाई. कुसुमाग्रजांचे ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ सुरू झाले की समोरचे शिंपीकाका पायाखालचे मशीन थांबवीत आणि गाणे संपल्यावरच पुढची शिवण घालीत. त्यांच्याकडे स्वतःची एकही कॅसेट नव्हती. आवाज खोलीत ठेवण्याचा नियम त्या काळी आमच्याकडे असता, तर शिंपीकाकांना ‘शिवकल्याण राजा’ कधी ऐकायलाच मिळाला नसता, आणि हा युक्तिवाद मला अजूनही बिनतोड वाटतो.

कायदा आपल्याकडे नाही, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे आणि वर्षाकाठी जास्तीत जास्त 15 दिवस ती वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवण्याची मुभा राज्य सरकारला आहे. त्याचे पुढे काय होते, हे तुम्हांला मी सांगण्याची गरज नाही. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींचे समर्थन मी करणार नाही. छातीत धडधड निर्माण करणारा तो प्रकार आणि खिडकीतला टू-इन-वन यांना एका पंक्तीत बसवणे हा टू-इन-वनवर अन्याय आहे. शिवाय इथल्या मंडळींनाही शांततेची सवड बघून आठवण येते. फेब्रुवारीच्या सुमारास कार्निव्हल आला की गुरुवारपासून मंगळवारपर्यंत हेच शहर रस्त्यावर उतरून घसा फोडून गाते, त्यात येणाऱ्या रविवारीही गाते, आणि तेव्हा एकही चिठ्ठी लिहिली जात नाही.

याहून मोठी गंमत या शहराच्या नावानेच निघालेल्या अल्बमची आहे. अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट याने 24 जानेवारी 1975 रोजी इथल्या ऑपेरागृहात एकट्याने वाजवलेली मैफल ‘द क्योल्न कॉन्सर्ट’ म्हणून प्रसिद्ध आहे; क्योल्न हे कोलोनचेच जर्मन नाव. आयोजक व्हेरा ब्रांडेस ही जेमतेम 18 वर्षांची मुलगी होती. मागितला होता मोठा ब्योसेनडॉर्फर पियानो, मंचावर होता सरावाचा, बेसूर झालेला, लहान पियानो, आणि जॅरेट जवळजवळ परत निघाला होता. पियानोचे वरचे सूर कर्कश आणि खालचे दुबळे असल्याने तो बहुतेक वेळ मधल्या सप्तकात खेळत राहिला आणि त्यातून जे निघाले, ते एकल पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक ठरले. आदल्या ऑपेराचा प्रयोग संपल्यावरच रंगमंच मोकळा होणार असल्याने मैफल सुरू झाली रात्री साडेअकराला, म्हणजे शांततेचे तास सुरू होऊन दीड तास उलटल्यावर. ते ऑपेरागृह 2012 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाले आणि 2015 मध्ये उघडायचे ठरले असूनही उघडले नाही. जर्मन वक्तशीरपणाचे दाखले देणाऱ्या आपल्याकडच्या नातेवाइकांसाठी ही माहिती मी जपून ठेवली आहे.

चिठ्ठीनंतर मी सगळे अल्बम कमी आवाजात लावून पाहिले आणि त्यांची सरळ विभागणी झाली. सौमित्र यांची कविता आणि मिलिंद इंगळे यांचे सूर असलेला ‘गारवा’ कितीही हळू लावा, त्याचे काही बिघडत नाही. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही तो एकाच कॅसेटवर चार खोल्यांत फिरवून, मेट्रनच्या धाकाने दबक्या आवाजातच ऐकला होता, त्यामुळे आठवणही शाबूत राहते. ‘शिवकल्याण राजा’ मात्र हळू लावला की लताबाईंचा आवाज तेवढा उरतो आणि मागचे समूहस्वर व रणवाद्ये नाहीशी होतात. भीमसेनजींचे तर विचारूच नका. हेडफोनवर तंबोऱ्याची तार न् तार ऐकू येते, हे मी कबूल करते, पण खर्जातून वर चढणारी ती तान दोन कानांत कोंडून ठेवणे मला जमत नाही.

भावाला हे सगळे फोनवर सांगितले, तेव्हा त्याने वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीची बातमी दिली. बाबा हल्ली कानात ब्लूटूथ घालून ऐकतात, कारण शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलीची बारावी आहे. तरीही मी माझे वेळापत्रक ठरवले आहे. रविवारी ‘गारवा’ आणि जॅरेट. ‘शिवकल्याण राजा’ गाडीत, काचा लावून. ‘अभंगवाणी’साठी शनिवारची सकाळ, दहा ते साडेअकरा, कारण आजोबा त्या वेळी बाजारात जातात.