वेगळे ताट आणि बंद खिडकी

"त्यांचे ताट-पेला आम्ही वेगळा ठेवला आहे, तुम्ही निर्धास्त बसा," असे आज कळव्याला शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, आणि माझी नजर त्यांच्या मागच्या, घट्ट लावून घेतलेल्या खिडकीकडे गेली.

दादांना फुप्फुसाचा क्षयरोग झाल्याचे मागच्या आठवड्यात कळले. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला की थुंकीची तपासणी करायला हवी. त्यांनी मात्र दीड महिना दुकानातून औषधाच्या बाटल्याच आणल्या.

हा आजार ताटातून पसरत नाही. रुग्ण खोकतो तेव्हा जंतू वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात, म्हणून वाहती हवा, रुग्णाच्या तोंडावरचा मास्क आणि न चुकता घेतलेली औषधे हाच खरा बचाव आहे. रॉबर्ट कॉख यांनी या जंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला, आणि आज सरकारी केंद्रात तपासणी व उपचार दोन्ही मोफत मिळतात. तरीही आपली भीती अजून भांड्यांपाशीच अडकलेली आहे, याचे मला फार वाईट वाटले.

वहिनींना विचारून मी खिडकी उघडली. घरातल्या सर्वांची, विशेषतः चार वर्षांच्या नातीची, तपासणी लगेच करून घ्या, असेही सांगितले.

निघताना दादा मोरीत आपले ताट स्वतःच विसळत होते आणि मान वर करत नव्हते. ते ताट पुन्हा सर्वांच्या ताटांत कधी जाईल?