वरून केक, खालून मुरांबा

यॉर्कशरमधल्या आमच्या गावात उन्हाळा सरता सरता गावचा शो भरतो, म्हणजे घरोघरच्या जिनसांचं प्रदर्शन आणि स्पर्धा. गाजरं, डेलिया, जॅमच्या बरण्या आणि एका लांब टेबलावर केक. यंदा शेजारच्या आजींनी चेरी केकच्या गटात माझं नाव परस्पर घालून टाकलं. "अगदी सोपा असतो, लव्ह." (इथे बसचा ड्रायव्हरही लव्ह म्हणतो, विरघळून जायचं कारण नाही.)

सोपा कसला! परीक्षक बाई केक कापतात आणि चेरी वरपासून खालपर्यंत सारख्या विखुरल्यात का, ते बघतात. इथे विमेन्स इन्स्टिट्यूट नावाची बायकांची संघटना १९१५ पासून आहे. तिच्या तालमीत तयार झालेली नजर ती. माझी मावशी अनारसा उजेडाकडे धरून जाळी बघायची, त्याच जातीची.

माझा पहिला केक वरून देखणा झाला. कापला, तर सगळ्या चेरी तळाशी चिकटून बसलेल्या. नवरा म्हणाला, "वरून केक, खालून मुरांबा." आणि दोन तुकडे खाल्ले.

आपल्याकडे पेस्ट्रीवर मिरवणारी लाल चेरी पुष्कळदा पाकवलेलं, रंगवलेलं करवंद असतं, हे मला इथे आल्यावर कळलं. इथली चेरी खरी, पण पाकाने बुळबुळीत. म्हणून आधी चाळणीत घालून कोमट पाण्याने धुवायची, अर्धी कापायची आणि खडखडीत कोरडी करायची. मी पंचावर पसरल्या होत्या. पंचा अजून गुलाबी आहे.

"मैद्यात घोळव म्हणजे बुडत नाहीत," असं जो तो सांगतो. अर्धवट सल्ला. मैदा ओल टिपतो आणि घसरण कमी करतो, इतकंच. ओव्हनमध्ये बटर आधी वितळतं, पीठ पातळ होतं आणि ते आळायच्या आत जड चेरी तळ गाठते. खरी मदार पिठाच्या घट्टपणावर. १७५ ग्रॅम बटर, तेवढीच साखर, ३ अंडी, २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग मैदा (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला), ५० ग्रॅम बदामपूड, २०० ग्रॅम चेरी. दूध नाही. चमचा आडवा धरला तर पीठ हलता कामा नये, हिसडा दिल्यावर थप्पकन पडावं. भांड्याच्या तळाला आधी बिनचेरीच्या पिठाचा थर द्यायचा, मग बाकीचं.

चौथ्या खेपेला जमलं. शोमध्ये नंबर तिसरा आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: चेरी उत्तम, पण केकवर जाळीचे वळ. गार करायला तारेच्या जाळीवर उपडा ठेवला होता ना!

आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान दिसतोय गं. बिनअंड्याचा जमेल का?"