भंगारातली झपूर्झा

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवाचा व्हॉट्सॲप मेसेज आला आणि खरं सांगतो, डोळ्यासमोर शाळा नाही आली, आधी आले आपले ड्रॉइंगचे सर, बाह्या दुमडलेल्या आणि नखांत ऑइल पेंट.

1987, मी नववी ब मध्ये. मराठीच्या बाई रजेवर, म्हणून ऑफ तासाला सर आले आणि बाईंची अर्धी राहिलेली केशवसुतांची 'झपूर्झा' पुढे घेतली. झपूर्झा म्हणजे काय रे? वर्ग गप्प. मग म्हणाले, पोरी खेळताना गरगर फिरत 'जा पोरी जा' म्हणतात, वेग वाढला की त्याचं झपूर्झा होतं, अर्थ गळून जातो नि फिरणं तेवढं उरतं. 1893 सालची कविता, आणि लिहिणारे स्वतः शाळामास्तरच. "डिक्शनरीत नाही सापडायचा हा शब्द, चला मागं, भंगारात शोधू."

सायकल स्टँडमागचा ढीग सगळ्यांना आठवत असेल. मी तुटक्या आऱ्यांचं एक चाक, पंख्याचं पातं आणि बाकाची वाकडी लोखंडी पट्टी उचलली, रॉकेलनं पुसलं, समोरच्या ग्रिलवाल्याकडून वेल्डिंग मारून आणलं, आणि गेटला लावून उरलेला हिरवा नि फळ्याचा काळा रंग दिला. पातं वर आलं तर मला तो मोर वाटला, म्हणून डोळा काढला, चोच काढली, पुठ्ठ्यावर 'मोर' लिहून खाली लावलं. सर बराच वेळ बघत राहिले. ओरडले नाहीत. पॉलिश पेपर घेऊन डोळा घासला, चोच घासली, खालचा गंज आणि कुठलातरी जुना निळा वर आला तो तसाच राहू दिला. "पोरीला फिरायला सांगितलेलं रे, तू तिला मोर करून बसवलीस." आणि चाकाला बोट लावलं. हिरवा-काळा मिसळून एकच पट्टा फिरायला लागला.

आज चिखलीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, 14 माणसं आहेत, रविवारी मशीन बंद असताना मी कटिंगच्या तुकड्यांतून शिल्पं करतो, पुण्यात दोन प्रदर्शनं झाली. एका आर्किटेक्टनं अमेरिकेतल्या जॉन चेंबरलेनबद्दल सांगितलं, तो मोडक्या मोटारींचे रंगीत पत्रे जोडायचा, 1955 मध्ये ब्लॅक माउंटन कॉलेजात कवींच्या संगतीत होता, तिथं शब्द अर्थासाठी नाही तर नुसते दिसायला आवडले म्हणून शेजारीशेजारी मांडायचा आणि पुढं पत्रे पण तसेच बसवायला लागला. ऐकून अंगावर काटा आला, हे तर आपल्या सरांनी एका ऑफ तासात दाखवलेलं!

सरांना प्रदर्शन दाखवायचं राहून गेलं. नवी बिल्डिंग छान आहे, पण स्टँडच्या जागी पार्किंग झालंय आणि ते चाक किलोवर गेलं असं कळलं, फार लागलं मनाला.

तेच परत केलंय, मोठं, माणसाच्या उंचीचं, बेअरिंगवर फिरणारं. वजन दीडशे किलोच्या आसपास. गेटजवळ चार बाय चारचा ओटा मिळाला तर टेम्पो आणि वेल्डर माझे, आणि खाली पुठ्ठा लावणार नाही.