वाशिष्ठीत तीन दिवस, आणि दाभोळच्या तोंडाशी चुकीची होडी

"ही कनू कुठेही चालते. दोन माणसं, तीन दिवसांचं सामान, आरामात जाल." भाड्याने देणाऱ्याने फोनवर एवढंच सांगितलं आणि आम्ही हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला, धोपावे समोर दिसत असताना, त्याच कनूत घोट्याच्या वर पाणी होतं. मावसभाऊ एकटा वल्हवत होता आणि मी तेलाच्या कापलेल्या कॅनने पाणी उपसत होतो. हे सगळं टळण्यासारखं होतं. तुम्ही वाशिष्ठीच्या खाडीत, किंवा कोकणातल्या कुठल्याही मोठ्या खाडीत जाणार असाल तर होडी ठरवण्याआधी हे वाचा.

मार्ग साधा आहे. चिपळूणजवळच्या गोवळकोटला पाण्यात उतरायचं, वाशिष्ठीच्या खाडीने पश्चिमेला जायचं आणि दाभोळसमोर धोपाव्याला बाहेर पडायचं. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. कोयनेच्या वीजघरांतून येणारं पाणी वाशिष्ठीत सोडतात, त्यामुळे वर उन्हाळ्यातही होडी तरंगण्याइतकं पाणी असतं. रोज पाच तास वल्हवता येतं, पोहता येतं, लाइफ जॅकेट आणि ड्राय बॅग आहे, हे धरूनच पुढचं लिहितोय.

आम्ही चौघं, दोन होड्या. मी आणि मावसभाऊ सोळा फुटी फायबरच्या कनूत. ही उघडी होडी, दोन्ही टोकं वर उचललेली, तळ सपाट, एका पात्याचं वल्हं. मित्र आणि त्याची बायको बारा फुटी प्लास्टिकच्या सिट-ऑन-टॉप कयाकवर (आत न बसता वर बसायची होडी), हातात दोन पात्यांचं वल्हं. निघताना ती दोघं आमच्या कनूकडे बघून हळहळत होती, कारण आमच्याकडे सामानाला जागा होती आणि बूड कोरडं राहणार होतं.

पहिले दोन दिवस छान गेले. मगरी दिसल्या, मालदोलीच्या आसपास त्या चिखलावर ऊन खात पडलेल्या असतातच. हातपाय पाण्यात सोडू नका आणि चिखलाच्या काठावर उतरू नका, जेटी बघूनच उतरा. या दोन दिवसांबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

तिसरा दिवस पौर्णिमेचा होता, माघातली. चांदण्यात दाभोळ बघायचं म्हणून आम्हीच मुद्दाम ती तिथी धरली होती. होडीवाल्याने सांगून ठेवलं होतं की शेवटच्या टप्प्याला ओहोटीची वाट बघा, पाणी आपोआप घेऊन जाईल. म्हणून सकाळ आम्ही काठावर झोपून घालवली. बाराच्या सुमाराला पाणी उतरायला लागलं आणि आम्ही निघालो. पहिला अर्धा तास खरंच आपोआप गेला.

मग वारा आला. किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा. हे आपण शाळेच्या भूगोलात शिकलो, पण होडी भाड्याने घेताना ते कुणालाच आठवत नाही. दाभोळची खाडी पश्चिमेला उघडते. म्हणजे दुपारचा वारा सरळ तोंडावर. त्याच वेळी उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी ओहोटी भरपूर पाणी घेऊन वाऱ्याच्या विरुद्ध समुद्राकडे धावत असते. वारा आणि पाणी असे समोरासमोर आले की लाटा आखूड, उभ्या आणि एकमेकींना चिकटून येतात. उंची फार नव्हती, गुडघ्याएवढी. पण दोन लाटांमध्ये होडीचं नाक सावरायला वेळच मिळत नाही.

इथे आमच्या कनूचे सगळे दोष एकदम उघडे पडले. वर उचललेलं नाक शिडासारखं वारा धरायला लागलं. जड सामान आम्ही मागे ठेवलं होतं, त्यामुळे नाक हलकं. वाऱ्यात होडीचं जड टोक वाऱ्याकडे राहतं आणि हलकं टोक ढकललं जातं. दर चार-पाच वल्ह्यांनंतर नाक डावीकडे फिरायचं आणि होडी लाटेला आडवी. एका पात्याच्या वल्ह्याने ती सरळ करायची तर मागच्या माणसाला दर वेळी पातं शेवटी बाहेर वळवावं लागतं, ज्याला जे-स्ट्रोक म्हणतात. त्यात वेग मरतो. सपाट तळ शांत पाण्यात जमिनीसारखा स्थिर वाटतो, पण लाट कुशीवर आली की तो तिच्या उताराबरोबर कलतो. दोनदा कडेवरून पाणी आत आलं. उघड्या होडीत आलेलं पाणी जात नाही, ते कललेल्या बाजूला धावतं आणि होडी आणखी कलवतं. दाभोळच्या शाही मशिदीचा घुमट उजव्या काठावर दिसत होता. पाऊण तास मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो जवळ येत नव्हता. मला भीती वाटली.

डोल जाळ्याच्या खांबांपाशी एक काका उलांडीची (बाजूला बांधलेल्या लाकडी आधाराची) छोटी होडी घेऊन थांबले होते. त्यांनी हात करून आम्हाला डाव्या काठाच्या आडोशाला बोलावलं. होडीकडे एकदाच बघून म्हणाले, "तोंड हलकं आहे तुमचं. ती पाण्याची कॅन पुढं घ्या." मग म्हणाले, "आज पुनव. उतरतं पाणी आणि वरून वारा. अशा वेळेला आम्ही पण मधून जात नाही, कडेनं जातो." वीस लिटरची कॅन पुढच्या बाकाखाली सरकवली, दोन्ही ड्राय बॅगा मध्ये आणल्या. फरक पहिल्या दहा वल्ह्यांत कळला. लाटांचं पाणी नाकावरून थोडं जास्त यायला लागलं, पण होडी सरळ राहिली. काठाकाठाने, खारफुटीला चिकटून, चार वाजून गेल्यावर धोपाव्याला लागलो. काकांनी पैसे घेतले नाहीत.

दुसरी जोडी आमच्या आधी पावणेदोन तास पोचली होती. कयाकवर पाणी येत होतं आणि तळाच्या भोकांतून तसंच निघून जात होतं. दोघं कमरेखाली पूर्ण भिजली होती, मित्राच्या मांड्या खाऱ्या पाण्याने सोलल्या होत्या, पण घाबरलेलं कुणी नव्हतं.

तर होडी. लोक ती काठाशी बसून, हलते का बघून निवडतात. ती कसोटी चुकीची आहे. तुमच्या मार्गावरचा सगळ्यात वाईट तास कुठला, तो आधी शोधा आणि त्या तासाला होडी निवडा.

या मार्गाला, तोंडापर्यंत जाणार असाल तर, प्लास्टिकची दोघांची सिट-ऑन-टॉप घ्या. बारा फुटापेक्षा तेरा-चौदा फुटी मिळाली तर उत्तम, कारण पाण्यावरची लांबी वाढली की वेग वाढतो. सोळा फुटी होडी बारा फुटीपेक्षा मुळात वेगवान असते, आमच्याकडे तो वेग सरळ जाण्यात खर्च झाला, ही गोष्ट वेगळी. तळाला मागे स्केगचं पातं असेल तर सरळ चालते. तळ केळ्यासारखा जास्त वाकलेला असेल तर चटकन वळते आणि वाऱ्यात तुम्हाला दमवते. खाडीला कमी वाकलेला तळ हवा. कंपनीने लिहिलेल्या वजनाच्या दोन-तृतीयांश इतकंच वजन चढवा. त्यापुढे गेलात तर त्याच भोकांतून पाणी वर येतं आणि दिवसभर डबक्यात बसावं लागतं.

उघडी कनू वाईट होडी नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. करंबवण्याकडच्या आतल्या फाट्यांत, सकाळच्या वेळी, मूल किंवा म्हातारे आईवडील बरोबर असताना तिच्यासारखं सुख नाही. पाय पसरता येतात, डबा उघडता येतो. पण मालदोलीच्या खाली दुपारी तिला नेऊ नका. न्यायचीच तर दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या बांधा, म्हणजे पाणी भरायला जागाच कमी राहते.

हवा भरायची होडी कोकणात नको. खडकांवर आणि जेटीच्या पायऱ्यांवर कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. वाऱ्यातही ती सगळ्यात वाईट. फायबर हलकं आणि सुंदर, पण कालवांवर घासलं की पैसे गेले. अरुंद, झाकलेली सी कयाक या पाण्याला खरी लायक आहे, पण उलटल्यावर पाण्याखालून बाहेर यायचं शिकल्याशिवाय तिच्यात बसू नका. स्थानिक लोकांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे. त्यांची होडी अरुंद असते आणि उलांडी तिला उलटू देत नाही.

आता तिथी, कारण ती होडीइतकीच महत्त्वाची आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. हा अंदाज मुखाशी, तोही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. आत भरती आणखी उशिरा येते. अष्टमी ते दशमी धरलीत तर सकाळभर ओहोटी मिळते, पाठीशी मतलई वारा असतो, आणि भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी, असल्यामुळे प्रवाहही मवाळ. उजाडताच निघा, अकराच्या आत बाहेर पडा. चांदण्याचा मोह सोडा.

पैशांचं सांगतो. कनूचं भाडं दिवसाला १,८०० ठरलं होतं. आम्ही तीन दिवस वल्हवली, पैसे पाच दिवसांचे लागले, कारण आणायचा आणि पोचवायचा दिवसही त्याने धरला. परतीचा टेम्पो फोनवर ३,००० होता, धोपाव्याला आल्यावर ५,५०० झाला. कारण सांगितलं की होडी मागे बाहेर येते. सोळा फूट आहे हे त्याला आधीच सांगितलं होतं. वर तळाच्या एका ओरखड्याचे २,००० अनामतीतून कापले. तो ओरखडा आमचाच होता का, हे सिद्ध करायला आमच्याकडे काहीच नव्हतं. होडी ताब्यात घेताना ती उलटी करून तळाचा व्हिडिओ काढा, त्याच्यासमोर. टेम्पोचा दर मेसेजवर लिहून घ्या, होडीच्या लांबीसकट. भाड्याचे दिवस पाण्यातले की दारातून दारापर्यंतचे, हेही लिहून घ्या.

आम्ही चौघं वद्य नवमीला पुन्हा जातोय, फक्त शेवटच्या टप्प्याला, दोन्ही सिट-ऑन-टॉप घेऊन. काकांसाठी चिपळूणहून काय न्यावं, हे अजून ठरत नाहीये.